घोट्याच्या उंचीवरचं हवामान

बुटाची नाडी बांधायला तो वाकला आणि डावा गुडघा तिथेच अडकला. कळ आली नाही, आवाज झाला नाही. जुन्या कपाटाचा खण अर्धा उघडून पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, तसा नुसता अडकला. एक गुडघा फरशीला टेकलेला, दुसरा उभा, अशा अवस्थेत त्याने आजूबाजूला पाहिलं. सिनेमातला नायक याच पवित्र्यात नायिकेला मागणी घालतो. इथे समोर नायिका नव्हती. करड्या दगडांचा एक उतार होता आणि त्या दगडांच्या फटींत वाळलेली, तपकिरी, वाटी पालथी घालावी तशी गोल झुडपं. काचघरातले लोक त्यांना उश्या म्हणत. कधीकाळी त्या हिरव्या होत्या आणि त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं यायची. आता त्या मेल्या होत्या किंवा मरायच्या बेतात होत्या, आणि अकरा वाजता समिती येऊन हे थंड दालन कायमचं बंद करणार होती. समितीला तसा लेखी सल्ला देणारा माणूस म्हणजे तोच, जो सध्या नाडीचं टोक हातात धरून, उठता येत नसल्यामुळे, आपण काहीतरी निरखून बघतोय असा चेहरा करून बसला होता. चेहरा बघायला दालनात कोणी नव्हतं. पण सवय होती.

त्याचं काम हवेचं होतं. उद्यानाच्या काचघरात तीन दालनं, एक कोरडं, एक दमट आणि हे थंड. तिन्हींत किती ऊन पडावं, हवेत ओल किती असावी, वारा कुठून कुठे जावा, मातीत क्षार किती असावेत, हे तो ठरवायचा. कर्मचारी त्याला हवावाले म्हणत. तोंडावर हवावाले साहेब. झाडांशी आपला थेट संबंध नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. शाळेच्या सहली आल्या की दारातच म्हणायचा, "झाडांकडे नंतर बघा. झाडं म्हणजे निकाल. आधी परीक्षा कसली चाललीय ते बघा." मग तो समजावून सांगे. पाऊस काढून घ्या, पानांचे काटे होतात. पाऊस बारा महिने द्या, पानं सुपाएवढी होतात आणि झाडं उजेडासाठी एकमेकांच्या खांद्यावर चढतात. ऊब काढून घेत चला, झाड आधी कमरेएवढं होतं, मग गुडघ्याएवढं, मग घोट्याएवढं, आणि शेवटी दगडावर नुसता एक डाग उरतो. तोही जिवंतच असतो, फक्त मिरवत नाही. जिथे ऊब आणि पाऊस सारखा, तिथे समुद्रापलीकडेही झाडांचा तोंडवळा सारखा, एकाच शिंप्याकडे शिवून घेतल्यासारखा. कोणी कोणाला आमंत्रण देत नाही. आधी हवा ठरते, मग पाहुणे ठरतात. मुलं जांभया द्यायची, शिक्षिका टिपून घ्यायच्या, आणि तो तृप्त मनाने चहाला जायचा. हीच नजर तो माणसांवरही फिरवी. पश्चिमेच्या खिडकीतलं हिशेब खातं दुपार कलली की भांडायला लागे. लोकांना तो त्यांचा स्वभाव वाटे, त्याला ते तिरपं ऊन दिसे. तळघरातल्या नोंदणी विभागात पाठोपाठ दोन लग्नं जमली, लोक त्याला प्रेम म्हणाले. तो म्हणाला, तिथे मोबाईलला रेंज नाही. "म्हणजे आपलंही लग्न हवेमुळेच झालं म्हण की," असं बायको एकदा म्हणाली होती. त्यावर त्याने खरोखर विचार करून "बरंचसं दमटपणामुळे" असं उत्तर दिलं, आणि ते उत्तर त्याला पुढचा आठवडाभर पुरलं.

गुडघा अजून अडकलेलाच होता. वर, खांबाच्या मधोमध, थर्मामीटर लटकत होता. खालून बघताना तो फार उंचावर आणि काहीसा आढ्यतेखोर वाटला. तो तिथे त्यानेच बसवला होता, बरोबर आपल्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे येता-जाता मान न वाकवता आकडा दिसावा. गेली पाच-सहा वर्षं आकडा हलला नव्हता. सहा अंश, उन्हाळ्यात सहा, पावसात सहा, वीज गेली तरी बॅटरीवर सहा. या सहावर त्याची इतकी श्रद्धा होती की उश्या वाळायला लागल्या तेव्हा त्याने पहिला संशय उश्यांवर घेतला. रोग असेल, बियाणं जुनं झालं असेल, पिढ्यान् पिढ्या काचेत राहून जीव थकला असेल. अहवालात त्याने लिहिलं, हवा अचूक आहे, झाडांची उमेद संपली आहे. हे वाक्य समितीला फार आवडलं. संचालकबाईंनी ते फोनवर दोघांना वाचून दाखवलं. मग वास्तुकाराने भराभर नकाशा काढला. दालनाच्या जागी कॉफीचं काउंटर आणि भिंतभर बर्फाच्छादित डोंगराचं छायाचित्र, म्हणजे लोकांना डोंगरासमोर उभं राहून फोटो काढता येतील आणि नाकही गळणार नाही. त्याने त्या नकाशावरही सही केली होती. मनात काही हललं नव्हतं असं नाही; पण मनात काही हललं तर आधी थर्मामीटर बघायचा, ही त्याची शिस्त होती, आणि थर्मामीटर म्हणत होता सहा.

उठण्यासाठी म्हणून त्याने हात पुढे करून एका दगडावर टेकवला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला. दगड गार होता. यात चटका बसण्यासारखं काही नव्हतं, थंड दालनातला दगड गार नसेल तर काय असेल? पण तळहाताला काहीतरी वेगळंच आठवत होतं. तळहात सांगत होता की हा दगड असा नव्हता. त्याने पुन्हा हात ठेवला. मग दुसरा ठेवला. दोन्ही तळहात टेकवून, नाडी सुटलेली, एक गुडघा जमिनीला, असा तो वाकून राहिला आणि हळूहळू, काचेवरची ओल पुसावी तसं ते आठवत गेलं. नोकरीचं पहिलं वर्ष. इथल्या माळीणबाई तेव्हा तरुण होत्या आणि आतापेक्षाही फटकळ. त्या आपले ओले हातमोजे याच दगडांवर वाळत घालायच्या, आणि ते वाळायचे. सहा अंशांत हातमोजे वाळायचे आणि त्याला त्याचं कधी नवल वाटलं नाही. कारण तेव्हा वर जुने दिवे होते, कढईएवढे, पिवळे, दिवसभर तापून घुमणारे. हवा यंत्राने गार ठेवलेली असायची, पण दिव्यांखालचा दगड दुपारपर्यंत तापायचा, आणि त्या दगडाला चिकटून उश्या बसलेल्या असायच्या. मग पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने दिवे बदलले. नवे दिवे पांढरे, शिस्तीचे. उजेड तितकाच, मोजून तितकाच, आणि उष्णता जवळजवळ नाही. यंत्रावरचा भार कमी झाला, विजेचं बिल निम्म्यावर आलं, आकडा आधी पाच ते सात असा डुगडुगायचा तो सहावर खिळला. त्याला त्याबद्दल एक पट्टिका मिळाली, लाकडाची, वर पितळी पान. ती घरी दूरदर्शन संचाच्या बाजूला होती आणि बायको तिच्यावर चष्मा ठेवायची.

तो तसाच वाकलेला होता आणि त्याला वाटलं, आपल्याला फार लाज वाटायला हवी. पण वाटत होतं ते वेगळंच. एखादं गणित उलटं पडल्यावर पान उलटून पहिल्या ओळीपासून पुन्हा करायला घ्यावं आणि दुसऱ्याच ओळीत चूक सापडावी, तशी एक स्वच्छ, बरीचशी निर्लज्ज खुशी. म्हणजे तत्त्व बरोबरच होतं. आधी हवा ठरते, मग पाहुणे ठरतात. फक्त ज्या हवेत पाहुणे राहत होते ती त्याने कधी मोजलीच नव्हती. उंच डोंगरावर, जिथे झाड उभं राहू शकत नाही, तिथे या उश्या जमिनीला चिकटून गोल का होतात? नम्रतेने नाही. वर वारा सुटलेला असतो, कापत जाणारा. आणि चार बोटं खाली, उन्हाने तापलेल्या दगडालगत, वेगळंच जग असतं, बिनवाऱ्याचं, उबदार, जवळजवळ आळशी. ती चार बोटं गाठण्यासाठीच त्या सगळ्या बुटक्या होऊन बसतात. आणि त्याने काय केलं होतं? डोंगराची हवा आणली होती, अचूक आणली होती, आणि ती चार बोटं विजेच्या बचतीत काढून टाकली होती. थर्मामीटर इतकी वर्षं इमानदारीने मोजत होता ते हवामान या दालनात फक्त एका जीवाला लागू होतं. ज्याचे डोळे त्या उंचीवर होते त्याला.

डोकं जमिनीजवळ नेलं तेव्हा ती दिसली. उताराच्या मागे, भिंत आणि दगड यांच्या फटीत, जिथे पाण्याच्या पंपाची मोटर एका पत्र्याच्या पेटीत बसवली होती, तिथे एक उशी होती. हिरवी. हिरवी म्हणजे लुसलुशीत, टम्म, खाऊनपिऊन सुखी. वरून ती कधी दिसणं शक्यच नव्हतं. त्याने हात लांबवून पत्र्याला लावला. पत्रा कोमट होता. मोटर दिवसभर चालते, पत्रा तापतो, पत्र्याशेजारचा दगड तापतो. कोणीही न ठरवता, एका गंजक्या पेटीने ती चार बोटं तिला मिळवून दिली होती. त्याला हसू आलं. आणि हसताना एकदम खिंड आठवली, आणि हसू थांबलं नाही पण त्याची जात बदलली. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत तो आणि बायको डोंगरात गेले होते. तो खिंडीच्या माथ्यावर उभा, हातात थर्मामीटर, वाऱ्याने कान बधीर झालेले, आणि ती कुठे दिसेना. पाहतो तर एका मोठ्या दगडाआड, उन्हात, पाठीवर सरळ झोपलेली. "ये खाली," ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, चार अंश आहेत, आजारी पडशील. "तुझे असतील चार," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. त्याने पुन्हा थर्मामीटर बघितला होता. चारच होते. आपलं बरोबर असल्याचा तो गारठलेला आनंद त्याला अजून आठवत होता. त्यानंतरची वर्षंही एकेक करून समोर आली: पंखा चार नंबरवर की दोनवर, खिडकी उघडी की बंद, तू उगाच चिडतेस, घरात सगळं तर ठीक आहे. घरात सगळं ठीक आहे हे तो कुठे उभा राहून बघत होता, कोण जाणे.

खिशातून फोन काढण्यापुरतं त्याला वळता येत होतं. बायको दातांची डॉक्टर होती, या वेळी दवाखान्यात असायची.

"बोल. पेशंट तोंड उघडून बसलेत."

"गुडघा अडकलाय."

"कुठे?"

"थंड दालनात. जमिनीवर."

"मग कोणाला तरी हाक मार. मी काय फोनवरून ओढू?"

"ते असू दे. एक विचारायचं होतं. आपण त्या खिंडीत गेलो होतो बघ, तू दगडाआड झोपली होतीस."

पलीकडे तोंडातलं पाणी ओढणारी नळी घरघरली. "बरं मग?"

"तिथे खाली ऊब होती का?"

"हे तू आत्ता विचारतोयस?"

"हो."

"तेव्हा मी घसा फोडून सांगत होते. ये खाली, ये खाली. तू आपला उभा, ओठ निळे, आणि वर मलाच ऐकवतोयस की तुला थंडी वाजायला हवी."

"पण होती का?"

"अरे, मी स्वेटर काढून उशाला घेतला होता." मग आवाज दूर गेला, "तुम्ही हसू नका हो, हलाल तर लागेल." मग परत जवळ आला, "झालं? आणि तो पाय एकदम सरळ करू नकोस. आधी हळूच आत वळव, मग सोड. दात असो की गुडघा, ओढाओढ करायची नाही."

त्याने पाय हळूच आत वळवला. काहीतरी टकदिशी जागेवर बसलं. तो लगेच उठला नाही. दारातून माळीणबाई आल्या, खांद्यावर पाण्याची नळी, आणि त्याला तसा पाहून थबकल्या.

"साहेब, पडलात?"

"बसलोय."

"समिती येतेय अकराला. आल्यावर बसायचं की."

"बाई, या उश्या का मेल्या असं वाटतं तुम्हाला?"

"पाणी जास्त होत होतं," त्या ठामपणे म्हणाल्या. "मी कमी केलं. तरी मरायला लागल्या, मग आणखी कमी केलं."

"आणि?"

"आणि काय, भराभर मेल्या." त्यांच्या आवाजात खंत नव्हती, एका जाणकाराने दुसऱ्याला द्यावी तशी ती माहिती होती. त्याला एकदम त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली. दोघंही इतकी वर्षं खात्रीने चुकत आली होती, आणि एकमेकांच्या कामात कधी लुडबुड केली नव्हती.

"ते जुने दिवे कुठे आहेत?"

"गोदामात. एक नाहीये."

"कुठे गेला?"

"माझ्याकडे आहे. कोंबडीची पिल्लं आहेत, त्यांना ऊब लागते." त्यांनी नळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "भंगारात काढले होते तुम्हीच. पाहिजे असला तर आणते परत, पण पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा."

गोदामातला एक दिवा धूळ झटकून आणला, तारा जोडल्या, उताराच्या मधोमध लोखंडी दांडीला टांगला. बटण दाबल्यावर तो आधी घुमला, मग लाल झाला, मग पिवळा. दालनात उजेड सांडल्यासारखा सांडला, अव्यवस्थित, एका बाजूला जास्त. माळीणबाईंनी एक रिकामी कुंडी पालथी घातली आणि तो तिच्यावर, गुडघ्याला आराम म्हणून, दालनाच्या कोपऱ्यात बसला. आता काय बोलायचं ते तो ठरवत नव्हता. त्याला आश्चर्य वाटत होतं की इतक्या साध्या गोष्टीची भीती वाटत नाहीये. अहवालाखाली त्याचं नाव होतं, नकाशावर सही होती, घरी पट्टिका होती. आणि हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर होतं. खाली, फरशीजवळ, नुसता एक दगड तापत होता, आणि तो तापतोय यात कोणाच्या मताचा प्रश्न नव्हता.

समिती वेळेवर आली, कारण थंडीत कोणालाच फार वेळ राहायचं नव्हतं. संचालकबाई गळ्याला शाल गुंडाळून, हिशेबनीस दोन्ही हात काखेत घालून, वास्तुकार नकाशाची गुंडाळी छातीशी धरून. अशा बैठका इथे उभ्या-उभ्याच व्हायच्या.

"सही झाली की निघू," संचालकबाई म्हणाल्या. "हा दिवा कसला? आणि तुम्ही खाली का बसलात?"

"अहवाल चुकलाय," तो म्हणाला.

"कुठे?"

"उंचीत. मी माझ्या डोक्याजवळची हवा मोजत होतो. झाडं घोट्याजवळ राहतात. तिथली ऊब मी दिवे बदलले तेव्हा गेली. झाडं बरी होती. चूक माझी." मग त्याने मोटरीमागची उशी दाखवली. ती बघायला तिघांनाही वाकावं लागलं. वास्तुकाराने तर गुडघे टेकले, आणि "अरे वा" म्हणाला, आणि मग आपण कुठल्या बाजूचे आहोत ते आठवून उठला.

"पण मग पट्टिका?" हिशेबनीसांनी विचारलं.

"ती बचतीसाठी आहे. बचत झालीच की."

हिशेबनीसांचं समाधान झाल्यासारखं दिसलं. पुढे बोलणं सुरू झालं आणि त्याला फारसं कोणी विचारलं नाही. कॉफीचं काउंटर, दिव्यांचं बिल, उद्यानाची प्रतिमा, डोंगराचं छायाचित्र छापायला दिलंय का. तो कुंडीवर बसून समोर बघत होता आणि त्या उंचीवरून त्याला सहा बूट दिसत होते. आधी ते दारापाशी होते, तोंडं बाहेरच्या दिशेने. मग हिशेबनीसांचे बूट, बोलता बोलता, एक पाऊल आत आले. मग संचालकबाईंचे बूट, दोन पावलं. वास्तुकाराने नकाशा उघडला आणि तो नीट दिसावा म्हणून सगळेच दिव्याकडे सरकले, आणि नकाशा मिटल्यावर परत कोणी मागे गेलं नाही. कोणाला कळलं नव्हतं. सहाही बूट आता दगडाला लागून होते, टाचा एकमेकींना चिकटलेल्या, एक ओबडधोबड गोल. संचालकबाईंनी शाल सैल केली. हिशेबनीसांनी हात काखेतून काढले आणि हातवारे करत बोलायला लागले, जे त्यांना कोणी करताना पाहिलं नव्हतं. कोणीतरी एक विनोद केला. त्याला शाळेच्या सहलींना सांगायचं ते सगळं भाषण घशाशी आलं, बघा, हवा ठरली आणि पाहुणे ठरले. आणि त्याने ते गिळलं. ज्यांना ते लागू पडत होतं त्यांना ते ऐकायची गरज नव्हती.

"काउंटर दमट दालनाच्या बाहेरच्या पडवीत बसेल का हो?" संचालकबाईंनी विचारलं.

"बसेल बहुतेक," वास्तुकार म्हणाला. "जाऊन मोजावं लागेल."

"मग या मोजून."

"जातो ना. जातो जरा वेळाने."

संचालकबाईंचा फोन वाजला. कुठेतरी त्यांची दुसरी बैठक खोळंबली होती. "आलेच," त्या म्हणाल्या, फोन ठेवला आणि दगडाच्या कडेवर टेकल्या. "हे बघा," त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "एक वर्ष देते. सगळे दिवे परत लावा, बिलाचं मी बघते. वर्षाने इथे हिरवं दिसलं नाही तर काउंटर. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

"आणि नव्या अहवालात ते वाक्य नको. उमेदीचं."

"नाही घालत."

नळी गुंडाळत माळीणबाई म्हणाल्या की त्यांच्याकडचा दिवा पिल्लं मोठी झाल्यावर येईल, आणि यावर समितीने कोणती पिल्लं असं विचारलं, आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली. ते ऐकायलाही सगळे थांबले. बैठक संपली होती, पण कोणी निघत नव्हतं. कोपऱ्यातल्या कुंडीपर्यंत दिव्याची ऊब पोचत नव्हती. तिथे अजून सहा अंशच होते, अचूक. त्याच्या पायांना गारठा चढला होता. त्याने खांबाला धरून स्वतःला उठवलं, गुडघा आधी आत वळवून मग सोडला, आणि लंगडत त्या गोलापाशी गेला. गोलात जागा नव्हती. हिशेबनीसांच्या खांद्याला त्याने हळूच बोट लावलं.

"जरा सरकता का?" तो म्हणाला. "मलाही येऊ द्या खाली."